हराळीची बागायत

गोल्फच्या मैदानांची समीक्षा करणारी माणसं जगात असतात, हे मला मामेभावामुळे कळलं. आपल्याकडे नाटकाची समीक्षा होते, पुस्तकाची होते, लग्नाच्या जेवणाची तर पंगत उठायच्या आत होते. पण जमिनीच्या एका तुकड्याबद्दल कुणी चार-चार पानं लिहावीत आणि दुसऱ्या कुणी ती आवडीने वाचावीत, हे फक्त तलाठी आणि दिवाणी वकील यांच्यात चालतं, अशी माझी समजूत होती.

मामेभाऊ हिंजवडीला आयटीत आहे. कंपनीने मधे त्याला अमेरिकेला पाठवलं होतं. तिथून लोक चॉकलेटं आणतात. हा मतं घेऊन आला. गोल्फ तो खेळतो, पण बरा नाही. त्याचा चेंडू सरळ सोडून बाकी सगळ्या दिशांना जातो. म्हणून त्याने खेळाचा नाद कमी करून मैदानाच्या रचनेवर बोलायला सुरुवात केली. कुठला होल कुठे वळायला हवा होता, कुठला बंकर उगाच आहे, कुठल्या ग्रीनचा, म्हणजे भोकाभोवतीच्या गुळगुळीत गवताचा, उतार अन्यायकारक आहे, हे तो एका वहीत दहापैकी गुण देऊन लिहून ठेवतो. आपला चेंडू तळ्यात गेला की त्या होलचे दोन गुण कापतो. समीक्षेत एवढं चालतंच.

त्याचं सगळ्यात लाडकं ठिकाण म्हणजे ओरेगॉनमधलं बँडन ड्यून्स. पुनर्वापराच्या कागदाची शुभेच्छापत्रं विकून पैसा केलेल्या माइक कायझर नावाच्या माणसाने ते 1999 साली प्रशांत महासागराच्या काठावर सुरू केलं. मोठं शहर जवळ नाही, मोठा विमानतळ जवळ नाही, वारा असा की टोपी घरी ठेवून जावं. खेळताना गाडी मिळत नाही, अठराच्या अठरा होल पायी चालायचे. तरी जगभरातून लोक येतात. भावाच्या मते याला म्हणतात डेस्टिनेशन.

मामांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. मामा पुणतांब्याचे बागायतदार. ते म्हणाले, "लांबून येत्यात, खोल्या आधी धरून ठिवत्यात, पायी चालत्यात, पैसे टाकत्यात, पुन्हा यायचं म्हणून जात्यात. आरं मग शिर्डीच की ही."

पुणतांब्याहून शिर्डीला रेल्वेचा फाटा जातो, त्यामुळे डेस्टिनेशन कशाला म्हणतात हे पुणतांब्याच्या माणसाला नव्याने सांगावं लागत नाही. गेली कित्येक वर्षं सगळा देश त्याच्या स्टेशनावरून पुढे जातोय.

मामा डोळे तपासायला पुण्याला आले तेव्हा भावाने ठरवलं की वडिलांना एकदा खरं मैदान दाखवायचंच. पुण्याच्या पश्चिमेला बावधन-लवळ्याच्या डोंगरात ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्ट आहे. अठरा होल, पार 72, आखणी ऑस्ट्रेलियाच्या फिल रायन यांची. भावाने वही घेतली, मामांनी टोपी आणि पिशवी घेतली, आणि दोघांच्या मधे कुणीतरी असावं म्हणून मामींनी मला पाठवलं.

दारातच गोल्फची ती छोटी विजेची गाडी पुढ्यात आली. आवाज नाही, धूर नाही. मामा बसले आणि एकदा मागे वळून पाहिलं, कुणी ढकलतंय का ते. मग म्हणाले, "माऊलींची भिंत अशीच आली आसंल." हे वाक्य दुसऱ्या गावच्या माणसाने म्हटलं असतं तर कौतुक ठरलं असतं. पण पुणतांब्यात गोदावरीकाठी चांगदेवांची समाधी आहे. चौदाशे वर्षं तप केलेला, योगबळाने वाघाला वाहन आणि सापाला चाबूक केलेला हा सिद्ध ज्ञानेश्वरांना भेटायला गेला आणि समोरून ती भावंडं निर्जीव भिंतीवर बसून आली, ही कथा आमच्या आजोळी पोरांना बाराखडीच्या आधी सांगतात. आपल्या गावचा माणूस वाघावर बसून जाऊनही मागे पडला, तेव्हापासून वाहनावरून कुणाचं मोठेपण ठरवायचं पुणतांब्याने सोडून दिलंय. रिसॉर्टच्या वाहनतळावर उभ्या असलेल्या लांबलचक गाड्यांकडे मामांनी त्याच नजरेने पाहिलं.

भावाने पहिल्या टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून प्रास्ताविक केलं. मैदानाच्या रचनेचं शास्त्र आहे, म्हणाला. डॉ. अॅलिस्टर मॅकेन्झी नावाचा ब्रिटिश डॉक्टर होता. बोअर युद्धात तो लष्करात होता, तिथे बोअरांनी म्हणजे तिकडल्या शेतकऱ्यांनी आपले खंदक जमिनीच्या चढउतारात असे काही दडवले होते की इंग्रज सैन्याला गोळी लागल्यावरच ते दिसायचे. डॉक्टरसाहेबांनी ती विद्या उचलली आणि घरी येऊन गोल्फच्या मैदानांवर वापरली. 1920 साली त्यांनी पुस्तक लिहून तेरा तत्त्वं मांडली. मैदान निसर्गासारखं दिसावं, होल एकासारखा दुसरा नसावा, डोंगर चढायला लावू नये, एका ग्रीनपासून पुढच्या टीपर्यंत फार चालायला लागू नये आणि हरवलेला चेंडू शोधायचा वैताग तर मुळीच नसावा. पुढे याच डॉक्टरांनी बॉबी जोन्सच्या जोडीने अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल आखलं.

"म्हंजी शेतकऱ्याकडनं शिकला," मामा म्हणाले, "आन् नाव स्वतःचं लावलं."

"आण्णा, त्याने शास्त्र केलं त्याचं."

"कृषी विद्यापीठवालेबी तेच करत्यात."

मग गुण द्यायला सुरुवात झाली. भाऊ टीवर उभा राहून डोळे बारीक करायचा, अंगठा पुढे धरायचा आणि "स्ट्रॅटेजिक आहे, पण व्हिज्युअली बिझी आहे" असं काहीतरी पुटपुटून सहा किंवा साडेसहा गुण लिहायचा. सात त्याने कुणालाच दिले नाहीत. सातावर फक्त स्कॉटलंड. डोंगराळ जागा आहे म्हटल्यावर चढण आलीच, आणि चढणीवरून मॅकेन्झीचं तत्त्व मोडतं म्हणून त्याने प्रत्येक चढाला अर्धा गुण कापला. सह्याद्रीने तेव्हा ते पुस्तक वाचलेलं नव्हतं.

मामांची पद्धत वेगळी. ते गाडीतून उतरले की आधी उताराच्या खालच्या टोकाला जात. तिथे बुटाची टाच दोनदा दाबत, कुठे चिखल वर येतो का पाहत, मग वर मान करून पाणी कुठून येत असेल ते हाताने हवेत आखत. दोन होल झाल्यावर त्यांनी निकाल दिला, "निचरा झ्याक हाये."

आता गंमत अशी, की ज्यांना या धंद्यातलं खरंच कळतं ते लोकही आधी निचराच पाहतात. सुंदर दृश्य, तळं, फुलझाडं हे सगळं माहितीपुस्तिकेसाठी. मैदान टिकतं ते पाणी कुठे मुरतं आणि कुठे जातं यावर. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1960 साली ग्रीन कसं बांधावं याचं प्रमाण ठरवून दिलं. तळाशी नळ्या, त्यावर खडी, त्यावर सुमारे फूटभर जाडीचा वाळूचा थर आणि मग गवत. हे मी मामांना समजावून सांगितलं तर ते जागच्या जागी थांबले. कालव्याच्या पाण्याने आमच्या भागातली कितीतरी रानं चिबड झाली आहेत, खारवली आहेत. जमिनीखाली नळ्या टाका हे त्यांना प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगितलं जातं. "आम्हाला नळ्याचा खर्च परवडत न्हाई," ते म्हणाले, "आन् इथं एवढा निचरा करून पेरलंय काय?"

काय पेरलंय, हे पाहायला ते ग्रीनवर गेले. नवा चष्मा लावला आणि गुडघ्यावर बसले. सोबत पिशवी उचलायला दिलेला कॅडी घाबरला. तो मुळशीतलाच पोरगा होता. मामांनी पहिल्या दहा मिनिटांत त्याचं गाव, भावकी, विहिरीला पाणी किती आणि थोरल्या बहिणीला दिलं कुठे एवढं सगळं काढून घेतलं होतं, त्यामुळे त्याला मामांना "सर, प्लीज" म्हणायची सोय उरली नव्हती. मामांनी गवताच्या कडेची एक काडी नखाने उचलून पेरं मोजली आणि वर पाहिलं. त्यांचा चेहरा मी एकदाच असा पाहिला होता, सोसायटीच्या निवडणुकीत सख्ख्या चुलतभावाने विरोधात अर्ज भरला तेव्हा.

"आरं," ते म्हणाले, "ही हराळी हाये."

भाऊ म्हणाला, "आण्णा, हे बर्म्युडा ग्रास आहे."

"कुणाचंबी आसू दे. हराळी हाये."

दोघांचंही खरं होतं. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. उष्ण प्रदेशातल्या गोल्फ मैदानांवर हीच किंवा हिचा आफ्रिकेतल्या जातभाईशी संकर करून काढलेली वाणं लावतात. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाच्या गावी संशोधन केंद्र आहे, तिथे यातली नामांकित वाणं निघाली म्हणून त्यांच्या नावात 'टिफ' येतं. काही मिलिमीटरवर रोज कापली तरी मरत नाही, तुडवली तरी उठते, आडवी पसरते, जमीन घट्ट धरते. आणि भाद्रपदात मामी हिचीच कोवळी त्रिदळं खुडून एकवीसची जुडी गणपतीला वाहतात, तेव्हा ती दूर्वा असते.

मामांच्या लेखी मात्र ती फक्त शत्रू. चाळीस वर्षं त्यांनी हिच्याशी लढण्यात घालवली आहेत. उन्हाळ्यात खोल नांगरट करून ढेकळं तापवली. बायांना रोजंदारी देऊन काश्या वेचल्या, बांधावर ढीग लावून पेटवल्या. तणनाशकं मारली. पहिल्या पावसाला ती पुन्हा हजर, जणू काही झालंच नाही. रानात हराळी माजली की गावात त्या घराविषयी वाईट बोललं जातं. पाहुणे सोयरीक पाहायला येतात ते चहाच्या आधी बांधावरून एक चक्कर मारतात, ती यासाठीच. आणि इथे एका ऑस्ट्रेलियन माणसाला बोलावून, जमीन समतल करून, खाली निचरा काढून, वर तुषार सिंचन लावून, खत देऊन, माणसं ठेवून हराळीची बागायत केलेली! शिवाय तिच्यात दुसरं गवत उगवलं तर ते तण म्हणून उपटायचं.

"आन् कापलेलं कुठं जातं?" मामांनी कॅडीला विचारलं.

"खताच्या खड्ड्यात."

"गाय न्हाई?"

"नाही."

"एक बी न्हाई?"

भावाने वहीत 'ग्रीन कॉम्प्लेक्स, 6.5' असं लिहिलं. मामा बराच वेळ काही बोलले नाहीत.

तोंड उघडलं ते तळ्यापाशी. ज्यांच्या दारात ऊस उभा आहे त्यांनी पाण्यावरून दुसऱ्याला नावं ठेवू नयेत, असा आमच्या भागात एक अलिखित संकेत आहे. मामांनी तो निम्म्या तळ्याला वळसा घालेपर्यंत पाळला. मग म्हणाले, "ह्याला खालचे लोक काय म्हणत न्हाईत?" 2005 च्या पाणीवाटपाच्या कायद्यापासून नगर-नाशिकच्या धरणांवर जायकवाडीची नजर असते, दुष्काळ पडला की वरचं पाणी खाली सोडायचं आणि आमच्याकडे रस्ता रोको करायचा, हे ठरलेलं. त्यामुळे कुठेही पाणी साठलेलं दिसलं की ते कुणाच्या हक्काचं आहे हा प्रश्न मामांच्या डोक्यात आपोआप उठतो. पुण्याचं पाणी भीमेतून उजनीला जातं, असं मी सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. जायकवाडीवाल्यांसारखं आणखीही कुणी आहे म्हणायचं.

भाऊ म्हणाला, "आण्णा, हे तळं पाण्यासाठीच नाही. याला पेनल्टी एरिया म्हणतात. चेंडू यात गेला की एक फटका दंड."

"दंड कुणाला?"

"खेळणाऱ्याला."

"आन् पैशे देऊन येतो त्योच का खेळणारा?"

बंकरपाशी गेल्यावर तर मामांच्यातला हिशेबी माणूस पूर्ण जागा झाला. मॅकेन्झीचे तत्त्व, कडांचे वळण, खेळाडूच्या मनात धाक उत्पन्न करणारी सावली, हे सगळं भाऊ सांगत होता आणि मामा ओठ हलवत ब्रास मोजत होते. आमच्या नदीकाठी वाळू ही डोळ्याने मोजायची विद्या आहे. ती नजर एकदा बसली की माणसाला समुद्रकिनाऱ्यावरही चैन पडत नाही. एवढी पांढरी, चाळलेली, कोरडी वाळू उघड्यावर टाकून मालक निवांत झोपतो, आजूबाजूला ना कुत्रं ना राखणदार, हे त्यांना पटेना. "आपल्याकडं आसती," ते म्हणाले, "तर रात्रीतून खाली झाली आसती. सकाळी यिऊन बघावं तर नुसता खड्डा."

"तरी तो बंकरच राहिला असता, आण्णा. खोल बंकर चांगला मानतात."

होलमधला झेंडा काढून मामांनी आत हात घातला. होलचा व्यास जगभर सव्वाचार इंच असतो; 1891 साली तो नियम झाला. "साडेसहा इंची बोअर घेत्यात ते पाणी लागावं म्हणून," मामा म्हणाले. "हितं काय लागतं?" या प्रश्नाचं उत्तर गोल्फ खेळणाऱ्या कुणालाही आजवर नीट देता आलेलं नाही.

परतताना भावाने रिसॉर्टला एकूण गुण सांगितले. मामांनी गुण दिले नाहीत; पण गाडीत बसल्यावर एवढंच म्हणाले, "रान चांगलं ठिवलंय. माणूस कष्टाळू दिसतो तो रायन." भावाच्या वहीतल्या चार पानांपेक्षा हा शेरा फिल रायन यांना जास्त आवडला असता, असं मला वाटतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं होतं. पण दिवाळीला भाऊ गावी आला तो वही घेऊनच. संध्याकाळी घाटावर गेला. पुणतांब्याचा तो अहिल्याबाई होळकरांनी बांधलेला दगडी घाट, समोर गोदावरीचं पात्र, पलीकडे वळणावर गाळाची आणि वाळूची खालीवर झालेली जमीन, वाऱ्यावर हलणारं उंच गवत. भाऊ पायरीवर उभा राहिला आणि त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला. लिंक्स!

स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेती यांच्या मधे जो वालुकामय पट्टा असतो त्याला लिंक्स म्हणतात. तिथे काही पिकत नाही, म्हणून मेंढ्या आणि ससे सोडलेले असत, आणि ज्यांना मेंढ्या राखताना कंटाळा आला त्यांनी हा खेळ काढला, अशी कथा आहे. सेंट अँड्र्यूजचं जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स मुळात कुणी आखलंच नाही. ते वारा, मेंढ्या आणि माणसांच्या पायांनी घडलं. 1764 साली तिथले बावीस होल कमी करून अठरा केले आणि मग सगळं जग अठराच खेळू लागलं. जमीन गावाची. रविवारी खेळ बंद, गावकरी कुत्री घेऊन फिरायला मोकळे. मामांनी हे ऐकून "रविवारी त्येंची एकादशी" एवढाच शेरा मारला. पण ओल्ड कोर्सवर दोन-दोन होलमधे मिळून एकच ग्रीन असतं, अशी सात जोड-ग्रीन आहेत, हे कळल्यावर ते दचकले.

"सामाईकात?"

"हो."

"आन् कोर्टात कुणी गेलं न्हाई?"

ग्रीनवरून नाही गेले, पण सशांवरून गेले. 1797 साली तिथली नगर परिषद कर्जात बुडाली, तिने ती जमीन विकली, आणि नव्या मालकांनी तिथे ससे पाळायला काढले. सशांनी बिळं पाडली, गोल्फवाले खवळले. हाणामाऱ्या आणि कोर्टकचेऱ्या वीसेक वर्षं चालल्या, शेवटी 1821 मध्ये जेम्स चीप नावाच्या गोल्फवेड्या जमीनदाराने ती जागा विकत घेऊन ससे हटवले. हा सगळा वृत्तांत मामांनी मन लावून ऐकला. अख्ख्या गोल्फच्या इतिहासात त्यांना जवळचा वाटला तो एवढाच भाग. कर्ज, जमिनीची विक्री, बांधावरची मारामारी, तारखा. "आपल्यातलेच हायेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भावाने पुणतांब्याचं राउटिंग, म्हणजे कुठला होल कुठून कुठे जाईल त्याचा नकाशा, काढलं. पहिला होल रेल्वे स्टेशनापासून. दौंड-मनमाड मार्ग 1878 पासूनचा, आणि गोल्फला रेल्वेचं वावडं नाही. 1860 साली पहिली ओपन स्पर्धा झाली त्या प्रेस्टविकचा पहिला होल रुळांना चिकटूनच आहे, ओल्ड कोर्सच्या सतराव्या होलवर एके काळी रेल्वेच्या कोळशाच्या शेडवरून चेंडू मारावा लागे. पाचव्या होलपर्यंत नदी डावीकडे, मग वळून वाऱ्याच्या विरुद्ध, नववा घाटाच्या साक्षीने. विमानतळ काकडीला, समृद्धी महामार्ग हाकेच्या अंतरावर, देवदर्शन शेजारी. नवरे खेळतील, बायका शिर्डीला जाऊन येतील. कागदावर ते खरोखर सुंदर दिसत होतं.

मामांनी कागद उलटा करून उत्तर दिशा ठरवली आणि एकेका होलवर बोट ठेवून सातबारा सांगायला सुरुवात केली. पहिला होल तीन भावांत, त्यातला मधला मुंबईला, त्याची सही मिळत नाही. दुसऱ्याच्या टीवर पाटबंधारे खात्याची चारी. तिसऱ्या होलच्या फेअरवेमधून दोन घरांचा बांध जातो. त्या बांधावर सव्वा फुटासाठी दोन पिढ्या राहात्याच्या कोर्टात गेल्या आहेत, तिथून चेंडू मारला तर साक्षीला बोलावतील. चौथा आपलाच, पण त्यावर सोसायटीचा बोजा. पाचवा नदीचा, म्हणजे सरकारचा, म्हणजे ज्याची म्हैस आधी पोचेल त्याचा.

अठरा होलांना दीडशे एकराच्या आसपास जागा लागते. पुणतांब्यात दीडशे एकर सलग, विनावाद, एका सहीने मिळणारी जमीन फक्त गोदावरीला पूर आल्यावर दिसते. मॅकेन्झीसाहेबांच्या तेरा तत्त्वांत याबद्दल एकही तत्त्व नाही. त्यांची सगळी विद्या अशी जमीन सापडल्यानंतरची. ज्या वालुकामय पट्ट्यावर स्कॉटलंडात काही पिकत नव्हतं म्हणून खेळ निघाला, तसल्याच पट्ट्यावर आमच्याकडे पूर ओसरला की गाळपेर होते, हरभरा येतो, काकडी-टरबुजं येतात. पडीक म्हणून ज्याला हात लावता येईल अशी जागाच गावाने शिल्लक ठेवलेली नाही. जिल्ह्याशेजारी नाशिकला गोल्फ क्लब मैदान आहे ना, असं कुणी म्हणेल. आहे. त्याचं अधिकृत नाव अनंत कान्हेरे मैदान, तिथे रणजीचे सामने होतात, सभा होतात, सकाळी अर्धं नाशिक चालायला येतं. गोल्फ तेवढा नावात राहिला.

तरीही पारावर चर्चा झाली, कारण पुणतांब्यात कुठलाही विषय चर्चेवाचून सोडत नाहीत. या गावात ठराव हलक्याने करत नाहीत. 2017 साली शेतकऱ्यांनी संपावर जायचा विचार इथल्याच ग्रामसभेत पक्का झाला, आणि 1 जूनपासून राज्यभर दूध-भाजीपाला अडला. महिना संपायच्या आत सरकारला 34,000 कोटींची कर्जमाफी जाहीर करावी लागली. त्यामुळे भावाचं म्हणणं लोकांनी गंभीरपणे ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्याने विचारलं, हँडिकॅप म्हणजे काय. भाऊ म्हणाला, आपण किती कच्चे आहोत त्याचा आकडा. अभ्यासाने तो कमी होत जातो. म्हातारा म्हणाला, चांगदेवाचा चौदाशे वर्षांत झाला नव्हता, मुक्ताबाईने केला.

मग ऊस निघाला. फेअरवेच्या दोन्ही बाजूंना वाढलेलं गवत ठेवतात, त्याला रफ म्हणतात, असं भावाने सांगितलं आणि इथे दोन्ही बाजूंना ऊस आहेच, ही त्याची जमेची बाजू मांडली.

"उसात चेंडू गेला तर?"

"शोधायला तीन मिनिटं मिळतात. 2019 पर्यंत पाच होती."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. आमच्या भागात उसात बिबट्या असतो. तिथेच पिल्लं देतो, तोडणी आली की बाहेर पडतो. उसात गेलेली शेळी लोक तीन मिनिटंसुद्धा शोधत नाहीत. गोल्फच्या नियमांत धोकादायक प्राण्यांची तरतूद आहे, हे खरं. चेंडूजवळ विषारी साप, डंख मारणाऱ्या माश्या, मगर, लाल मुंग्या किंवा अस्वल असेल तर दंड न होता चेंडू दुसरीकडे ठेवता येतो. भावाने मोबाईलवर तो नियम वाचून दाखवला. यादीत बिबट्या नाही, हे लगेच कुणाच्या तरी लक्षात आलं. भाऊ म्हणाला की ती उदाहरणं आहेत, यादी नव्हे. पण नियमाच्या पुस्तकात नाव नसलेल्या प्राण्याची नुकसानभरपाई मिळत नाही, हा वनखात्याचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता. त्या मुद्द्यावर बैठक मोडली.

भाऊ हट्टी. जाण्यापूर्वी त्याने पुण्याहून मित्राचा ड्रोन मागवला आणि चढउतारांचा नकाशा काढण्यासाठी स्टेशनापासून नदीपर्यंत दोन फेऱ्या उडवल्या. चौथ्या होलवर त्याने खुणेसाठी चार लाल झेंड्याही रोवल्या. तो सोमवारी हिंजवडीला परत गेला आणि मंगळवारी गावात बातमी पिकली की सर्व्हे झाला. कशाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि त्याने काही अडलंही नाही. कुणी म्हणालं समृद्धीला जोडरस्ता, कुणी म्हणालं दुहेरीकरणाची नवी लाइन, कुणी म्हणालं विमानतळाची दुसरी धावपट्टी. आठवड्याच्या आत दोन समित्या झाल्या. एक भूसंपादनाला तीव्र विरोध करणारी आणि दुसरी योग्य मोबदला मिळवणारी. दोन्हींत माणसं जवळजवळ तीच होती.

मोबदल्यात फळझाडांचे वेगळे पैसे मिळतात, हे महाराष्ट्रात समृद्धीपासून शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बघता बघता स्टेशन ते नदी या पट्ट्यात डाळिंब, पेरू, आंबा, सीताफळ अशी रोपं उभी राहिली. काही रोपं तर इतकी घाईत लावली होती की त्यांच्या पिशव्याही काढलेल्या नव्हत्या. जो पट्टा मोकळा दिसला म्हणून भावाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तो अठराही होल दाट झाला.

भावाने हे ऐकून मामांना फोन केला. लोकांना सांगा, म्हणाला, की तसलं काही नाही, तो मीच होतो, गोल्फसाठी.

"सांगितलं," मामा म्हणाले. "कुणी इश्वास ठेवीना. म्हणत्यात, एवढा खर्च करून कुणी नुसता खेळायला सर्व्हे करतो का."

"मग आता?"

"आता काय. दर फुटंल तवा फुटंल." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "तुझ्या झेंड्या तशाच ठिवल्यात बरं का चौथ्या होलवर. त्येंच्या मधी दीड एकरात भगवा डाळिंब लावलाय, बारा बाय आठवर. ठिबकबी टाकलं. तेवढं हराळीला काय मारावं ते तिथं कंपनीत कुणाला माहीत आसंल तर इचारून सांग."